हौसाक्काचे शंभर फेरे

फार वर्षांपूर्वी, तांबओढ्यात विजेचा खांब यायच्या कितीतरी आधी, उसाच्या चरकाला बैल जुंपत होते तेव्हाची ही गोष्ट. नीट बसा. मधेच उठून जायचं नाही. आणि गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो. गाव गुळाचं असलं तरी ही गोष्ट गावाच्या तोंडाला काळं फासणारी आहे. ती सांगताना आम्ही मान वर करत नाही.

तेव्हा गावात सात गुऱ्हाळं होती. दिवाळी सरली की चरक कुईकुई करत फिरू लागायचे. उसाचा रस मोठ्या काहिलीत पडायचा, खाली चुलवाणात चिपाडं धडधडायची आणि रस आटून आटून त्याचा पाक व्हायचा. पाक कधी उतरवायचा हे गुळव्याच सांगणार. तो पितळी वाटीत गार पाणी घेऊन बसायचा, उकळत्या पाकाचा थेंब त्यात सोडायचा आणि बोटांनी चाचपायचा. थेंबाची गोळी बसली की त्यानं हाळी द्यायची, मग गडी काहील उचलून गूळ वाफ्यात, म्हणजे तो निवायच्या उथळ हौदात, ओतायचे. घाई केली तर गूळ पाझरतो, उशीर केला तर करपतो. सगळ्या गावाची अक्कल म्हणजे गुळव्याची तीन बोटं.

त्या एका वाटीखेरीज काहिलीजवळ पाणी आणायचं नाही, असा नियम होता. थेंब पडला तर ढेप बिघडेल म्हणून. नियम गुळासाठी होता, पण आम्ही तो माणसांनाही लावला.

गुऱ्हाळ म्हटलं की भाजणं आलंच. पाकाचा शिंतोडा उडायचा, चुलवाणाची जीभ बाहेर यायची, कुणाचा हात काहिलीच्या काठाला लागायचा. मग काय करायचं? पाणी सोडून सगळं! कुणी चुना थापायचं, रस निवळायला तो हाताशीच असायचा. कुणी गोडं तेल, कुणी हळद, कुणी राख. एक म्हातारा तर भाजलेला हात पुन्हा जाळावर शेकायला लावायचा, जाळानं जाळ मरतो म्हणून. एकदा वळवाच्या पावसात गारा पडल्या, तेव्हा एका शहाण्यानं भाजल्या पायावर गारच बांधली, आणि पाय पांढरा पडून बधिर झाला. पण नुसतं पाणी? छे! पाणी लागलं की फोड येतो, हे आम्हाला आईच्या दुधाबरोबरच पाजलेलं. त्यामुळं आमची माणसं बाजारात हातांवरून ओळखू यायची. कुणाची बोटं आखडलेली, कुणाच्या मनगटावर चकाकता चट्टा. त्याला आम्ही ‘गुळाचा शिक्का’ म्हणायचो आणि वर मिशांना पीळ द्यायचो.

या गावात हौसा नावाची बाई होती. हौसाक्का म्हणू नका एवढ्यात. जिवंतपणी तिला सगळे ‘हौसे’ म्हणूनच हाका मारायचे, पोरंसोरंसुद्धा. ‘आक्का’ आम्ही ती गेल्यावर लावलं.

हौसाची वस्ती ओढ्याच्या खालच्या अंगाला होती. गावाचा पाणवठा वर, त्यांचा खाली. ती नेमगोंडा गुळव्याच्या गुऱ्हाळावर चिपाडं वाळवायची आणि भारे करून चुलवाणापाशी टाकायची. तिनं वाळवलेल्या चिपाडांवर शिजलेला गूळ आम्ही देवाला दाखवायचो, तिच्या हातचं पाणी मात्र चालायचं नाही. हे कसं काय, असं तेव्हा कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर लाज तेव्हाच वाटली असती.

एकदा चुलवाणाचा जाळ हौसाच्या हाताला चाटून गेला. चुना मागायला कुणाकडे जाणार? ती खालच्या पाणवठ्यावर गेली. वर्षानुवर्षं ती लांबून गुळव्याची वाटी बघत आली होती. एवढा खदखदणारा थेंब, पण पाण्यात पडला की गप्प होतो. तिच्या मनात आलं, पाकाची आग पाणी काढून घेतं, तर माझी का घेणार नाही? तिनं हात वाहत्या पाण्यात धरला. वर गुऱ्हाळावर चरक फिरत होता. बैलांचा एक फेरा पुरा झाला की चरक एकदा कुई करायचा. ती मोजत बसली. दहा फेऱ्यांनी हात बाहेर काढला, आग पुन्हा उठली. चाळिसाला काढला, तरी उठली. शंभराव्या फेऱ्याला काढला आणि आग राहिली होती, म्हणजे पार थांबली होती; आग थांबली की आमच्याकडे ‘राहिली’ म्हणतात. दहाएक दिवसांत हात बरा झाला, डागही फारसा उरला नाही.

तेव्हापासून तिच्या वस्तीत भाजलं की हौसा. तिच्या रीती साध्या होत्या. भाजल्याबरोबर पाणी, वाहतं पाणी, शंभर फेरे. बांगडी, अंगठी, कडं असेल ते आधी उतरवायचं, कारण हात सुजला की ते निघत नाही. चिकटलेला पाक ओढायचा नाही, पाण्यात तो आपसूक सुटतो. वर काही थापायचं नाही. उकळून उन्हात वाळवलेल्या स्वच्छ लुगड्याची पट्टी सैलसर गुंडाळायची. फोड आला तर तो फोडायचा नाही. ती म्हणायची, “त्ये द्येवानं घातल्यालं पांघरून हाय. त्याचं त्यो काढंल.” आणि भाजलेलं तळहाताहून मोठं असलं, तोंडावर असलं किंवा खोल जाऊन पांढरं पडलं असलं, की ती पाणी चालू ठेवायची आणि म्हणायची, “ह्ये माझ्या आवाक्यातलं न्हवं. गाडी जुपा, तालुक्याच्या दवाखान्यात न्ह्या.” आपल्याला काय येत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. आमच्यात तेवढं कुणालाच ठाऊक नव्हतं.

असं म्हणतात की तिचे तळवे भर चैत्रातही गार असायचे. असं म्हणतात की ती पाण्यात बसली की मासे येऊन भाजल्या जागेभोवती फेर धरायचे. म्हणतात बुवा. मी मासे बघितलेले नाहीत. पण पुढं जे घडलं ते नुसतं म्हणत नाहीत. ते घडलं.

नेमगोंडा गुळव्याला चंपा नावाची सात वर्षांची लेक होती. गूळ वाफ्यात ओतला की पोरं उसाची कांडकी घेऊन गरम गूळ चाटायला जमायची. एका दिवशी दुपारी गडी काहील ओतत होते, चंपा घाईनं पुढं सरली आणि पाकाचा सपकारा तिच्या उजव्या हातावर उडाला. तीन बोटांवर, बोराएवढा एकेक डाग. फार नव्हतं भाजलं. पोर मात्र किंचाळली.

गडी काहिलीला धरून होते. नेमगोंडाच्या हातात वाटी होती. मोकळी होती फक्त हौसा. तिनं भारा टाकला, पोरीला उचललं आणि पळत सुटली. खालचा पाणवठा लांब होता. वरचा समोरच होता. ती वरच्या पाणवठ्यात गुडघाभर उतरली, चंपाच्या काचेच्या बांगड्या उतरवून काठावरच्या दगडावर ठेवल्या आणि हात धारेत धरला. “मोज ग माझ्यासंगं,” ती म्हणाली. “चरक कुई करंल तवा एक.” पोर हुंदके देत मोजू लागली.

माणसं धावत आली. पण कशासाठी आली ते ऐका. सगळ्यांना पाणवठा दिसला. पोरीचा हात कुणाला दिसला नाही.

“हौसे, भाईर हो! पानवठा बाटवलास!”

“बांगड्या बगा, बांगड्या काढून घेतल्यात तिनं!”

हौसा जागची हलली नाही. ती नेमगोंडाला म्हणाली, “अण्णा, ईसच फेरं झाल्यात. शंभर हुंद्यात. मग मला काय करायचं त्ये करा.”

नेमगोंडा काठावर उभा होता. तो वाईट माणूस नव्हता. चार माणसांत मान खाली जाऊ नये, एवढंच त्याला कळायचं. त्यानं पोरीला दंडाला धरून बाहेर ओढलं.

“न्हाई अण्णा! आग हुतीया!” पोर ओरडली.

“तिला इचारा तरी,” हौसा म्हणाली, “आग ऱ्हायली का म्हून इचारा.”

कुणी विचारलं नाही. कुणीतरी चुना आणला आणि बोटांवर जाड थापला. तो चुना आमच्या घरचा. आमच्या पणजीनं, बायनाबाईनं, तो स्वतःच्या हातानं लावला आणि वर फडकं आवळून बांधलं. सांगतो ना, मान वर करत नाही म्हणून. मग कुणीतरी हौसाला ढेकूळ मारलं. एकच मारलं, असं म्हणतात. एक तरी का मारलं, असं मी म्हणतो. पाणवठ्यावर गोमूत्र शिंपडलं, हौसाला गुऱ्हाळाची वाट बंद केली, आणि ती तशीच ओल्या लुगड्यानं दीड कोसावर नदीकाठी बहिणीच्या वस्तीवर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी नेमगोंडानं वाटीत पाणी घेतलं आणि पाकाचा थेंब सोडला. गोळी बसेना. थेंब पाण्यात विरघळून गेला. त्यानं पाणी बदललं. वाटीतलं पाणी आपोआप कोमट व्हायचं. वरच्या ओढ्याचं आणलं, विहिरीचं आणलं, रात्रभर दवात ठेवलेलं आणलं. वाटीत पडलं की कोमट. सातही गुऱ्हाळांवर हीच तऱ्हा. आठ दिवस काहिली पेटत होत्या आणि वाफ्यात नुसता चिखल साठत होता. असं म्हणतात की त्या आठ दिवसांत तांबओढ्यातल्या मुंग्याही गुळाकडे फिरकल्या नाहीत.

तेव्हा गावाला शहाणपण सुचलं. चूक झाली, हौसाची माफी मागायला हवी, असं ठरलं. नेमगोंडा आणि सहा माणसं नदीकाठच्या वस्तीवर गेली. हौसा अंगणात बसली होती. ही माणसं तिच्या अंगणात पहिल्यांदाच आली होती. कुठं उभं राहायचं हेही त्यांना कळेना.

नेमगोंडानं हात जोडले. तोंड उघडलं. ‘चुकलं’ म्हणायचं होतं. चार अक्षरंही नाहीत हो त्यात! पण ओठांवर येईना. शेवटी तो म्हणाला, “हौसे, गूळ बसंना झालाय.”

बघा. माफी मागायला गेला आणि गुळाचं गाऱ्हाणं सांगून बसला.

हौसानं गुळाचं ऐकूनही घेतलं नाही. ती चटकन उठून पुढं आली. “त्ये ऱ्हाऊ द्या अण्णा. पोरीचा हात कसा हाय?”

पोरीचा हात कसा होता? चुन्याखाली तीन बोटं सडत होती. फडकं सोडलं की वास यायचा. पोरीच्या अंगात दोन दिवस ताप होता, आणि ती झोपेतसुद्धा कुई, कुई असं मोजायची. नेमगोंडाला एवढंच सांगायचं होतं. सांगितलं असतं तर हौसा त्याच पावली निघाली असती. हे माझ्या आवाक्यातलं नाही म्हणाली असती, गाडी जुंपायला लावली असती, आणि तालुक्याला डॉक्टर होता. बोटं वाचली असती.

पण ज्या बाईला पोरीचा हात पुरता धरू दिला नाही, तिला तोच हात सडला म्हणून कसं सांगायचं? आणि तेही सहा माणसांदेखत?

“बरा हाय,” नेमगोंडा म्हणाला.

हौसाचा चेहरा उजळला. तिनं सुटकेचा श्वास टाकला आणि म्हणाली, “मग झालं. गूळबी बसंल.”

सहा माणसं ऐकत होती. सहाही गप्प राहिली.

आणि गूळ बसला! त्याच संध्याकाळी सातही गुऱ्हाळांवर गोळी बसली. असं म्हणतात की तसा सोन्यासारखा गूळ गावानं आधी कधी काढला नव्हता, नंतरही नाही. त्यातला पहिला खडा नेमगोंडानं तोंडात टाकला आणि थुंकून दिला. त्यानं पुन्हा जन्मात गूळ खाल्ला नाही.

त्याच उन्हाळ्यात पटकीची साथ आली आणि हौसा गेली. पोरीचा हात बरा आहे, असं समजून गेली.

चंपाची तीन बोटं एकमेकांना चिकटून तळहाताकडे आखडली ती कायमचीच. ती डाव्या हातानं जेवायला शिकली, डाव्या हातानं रांगोळी काढायला शिकली. गावातला प्रत्येकजण तिच्याशी बोलताना तिच्या हाताकडे बघायचं टाळायचा. चट्ट्यांना ‘शिक्का’ म्हणणं मात्र सगळ्यांनी आपोआप सोडून दिलं.

वर्षं गेली. बैल गेले, चरकाला इंजिन लागलं. नेमगोंडा म्हातारा झाला. चंपा तिशीला आली. एके दिवशी गुऱ्हाळावर रंगू नावाच्या नव्या सुनेच्या मनगटावर पाकाची धार पडली. कुणी चुना म्हणालं, कुणी तेल म्हणालं. चंपानं कुणाचं ऐकलं नाही. तिला सगळ्या आयुष्यात एकच गोष्ट पक्की आठवत होती, की त्या वीस फेऱ्यांपुरती तिची आग कमी झाली होती. तिनं रंगूला वरच्या पाणवठ्यावर नेलं, बांगड्या उतरवल्या आणि आपल्या आखडलेल्या हातात तिचं मनगट धरून पाण्यात बसली. आता शंभर मोजायचे कसे? इंजिन तर सारखंच धडधडतं, त्याला फेरा नाही. आणि रंगू सारखी उठायला बघत होती. तिला बसवून ठेवायला चंपा गोष्ट सांगू लागली. हौसाची गोष्ट. चिपाडांपासून सुरू केली. पाणवठा सांगितला, ढेकूळ सांगितलं, चुना सांगितला. आमची पणजी काठावरच उभी होती, तरी सांगितला. मग गूळ बसेना ते सांगितलं, आणि म्हणाली, “मग अण्णा तिच्याकडं ग्येलं, गुळाचं बोललं, आनि ती म्हनाली, गूळ बसंल.”

काठावरून म्हाताऱ्या नेमगोंडाचा आवाज आला. “मधलं ऱ्हायलं, चंपे.”

चंपानं मान वळवून बघितलं.

“ती तुझा हात इचारत हुती. मी बरा हाय म्हनलो. येवडा खराब झाला हुता, तरी बरा हाय म्हनलो. मला लाज वाटली पोरी. लाजंपायी तुझी बोटं ग्येली.”

त्या सहा माणसांपैकी जी दोघं हयात होती, त्यांनी तोंडावर उपरणी घेतली.

चंपाला तेव्हाच्या तेव्हा उठावंसं वाटलं असेल. ओरडावंसं वाटलं असेल. पण तिच्या हातात रंगूचं मनगट होतं आणि शंभर फेऱ्यांइतका वेळ व्हायचा होता. ती हलली नाही. डोळ्यांतलं पाणी ओढ्यात पडत होतं आणि ती तशीच बसून राहिली. असं म्हणतात की त्या वेळी ओढ्याची धार एवढी गार झाली की काठावर उभ्या असलेल्यांच्या अंगावर काटा आला. मग तिनं रंगूला विचारलं, “आग ऱ्हायली का गं?”

“ऱ्हायली,” रंगू म्हणाली.

तेव्हा कुठं चंपानं तिचा हात बाहेर काढला, स्वच्छ पट्टी सैल गुंडाळली, आणि काठावर येऊन बापासमोर उभी राहिली. ती म्हणाली, “अण्णा, हितनं म्होरं ह्यो भाग तुमी सांगायचा. परत्येक बारीला.”

आणि नेमगोंडा जिवंत असेपर्यंत गावात कुणाला भाजलं की काठी टेकत पाणवठ्यावर यायचा. गोष्ट त्या जागी आली की चंपा थांबायची, आणि तो म्हणायचा, “बरा हाय म्हनलो.” एवढंच.

आता घराघरात नळ आहेत, आणि मोठं भाजलं तर अॅम्ब्युलन्स येते. पण तांबओढ्यात अजून कुणाचं बोट तव्याला लागलं, कुणावर चहा सांडला, की जो जवळ असेल तो पहिल्यांदा अंगठी-बांगडी उतरवतो, हात नळाखाली धरतो आणि हौसाक्काची गोष्ट सांगायला लागतो. शंभर फेऱ्यांची जागा गोष्टीनं घेतली. ती सबंध सांगितली की बरोबर तेवढाच वेळ होतो. आणि ज्याचं घर त्यात जिथं येतं, तिथं त्यानं ते आपल्या तोंडानं सांगायचं. कुणाचं ढेकूळ, कुणाचं गोमूत्र, आमचा चुना.

मधल्या काळात काही शिकल्यासवरल्यांना वाटलं, पाहुण्यांसमोर कशाला हे सगळं? हौसाक्का थोर होती एवढं सांगावं, बाकीचं झाकावं. त्यांनी पाणवठा गाळला, ढेकूळ गाळलं, बरा हाय गाळलं. गोष्ट फार छान झाली, पण निम्म्यात संपली. हात लवकर बाहेर आले, आणि त्या वर्षी गावात पुन्हा तीन पोरांच्या हातांवर मोठे चट्टे उठले. तेव्हापासून कुणी काही गाळत नाही. आमची लाज सगळी सांगून होईपर्यंत हात पाण्याबाहेर काढायचा नाही.

आणि सांगून झालं की ज्याचा हात आहे त्यालाच विचारायचं, आग राहिली का. तो नाही म्हणाला, तर आम्ही पुन्हा पहिल्यापासून सांगतो.